आठ आण्यांची विकेट

लेदरच्या चेंडूची शिवण उसवली की आम्ही तो घेऊन गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या मोच्याकडे पळायचो. हैदराबादच्या गौलीगुड्यात आमचं घर. नावावरून कळतंच, कधीकाळी ही गवळ्यांची वस्ती. माझ्या लहानपणी मात्र गवळ्यांपेक्षा बसच्या ड्रायव्हर-कंडक्टरांची वर्दळ जास्त, कारण शहराचा मोठा बसस्टँड इथेच, त्या प्रचंड अर्धगोल पत्र्याच्या हँगरखाली होता. मोची भिंतीला पाठ लावून बसलेला असे. पुढ्यात जोड्याच्या आकाराचा लोखंडी ठोकळा, टमरेलात भिजत घातलेले चामड्याचे तुकडे, आरी, रापी आणि मेण फासलेला दोरा. चेंडू तो दोन्ही गुडघ्यांत धरायचा, आरीने जुन्याच भोकातून वाट काढायचा, दोऱ्याची दोन टोकं दोन हातांना गुंडाळून असा हिसका द्यायचा की उसवलेल्या कडा एकमेकींना चिकटायच्या. मग रापीच्या पाठीने शिवण घासून सपाट. पंचवीस पैसे. चेंडू परत देण्याआधी तो एकदा बोटांत पिळून हवेत उडवायचा. चेंडू गर्रकन फिरत वर जायचा आणि बरोबर त्याच्याच तळव्यात येऊन थांबायचा. ‘लेव बाबा, अब नहीं खुलता.’

चेंडू शिवून आणायचं काम माझ्याकडे, कारण बॅट माझी नव्हती. बॅट चुलतभावाची, अण्णाची. तो माझ्याहून सात वर्षांनी मोठा, कॉलेजच्या संघात शिरायच्या तयारीला लागलेला. त्याच्या त्या तयारीसाठी मी दोन वर्षं रोज संध्याकाळी त्याला शे-दीडशे चेंडू टाकले. अंधार पडून चेंडू दिसेनासा झाला की अण्णा बॅट काखेत मारून म्हणायचा, ‘चल, उद्या तुझी बॅटिंग.’ अण्णा संघात गेला. त्याचा कव्हर ड्राइव्ह फार देखणा होता, बघणारे थांबून बघायचे. त्या ड्राइव्हमध्ये माझ्या दोन वर्षांच्या संध्याकाळी मिसळलेल्या आहेत, हे मला साठी ओलांडल्यावर लक्षात आलं, तेही एका इंग्रजी घोडदळाच्या अधिकाऱ्याच्या आयुष्याबद्दल वाचताना.

रॉबर्ट माँटेग्यू पूअर. क्रिकेटच्या आकड्यांत रमणाऱ्यांना हे नाव एका आकड्यामुळे माहीत असतं: ९१.२३. इंग्लंडमधल्या १८९९च्या हंगामातली त्याची ही प्रथम श्रेणीतली सरासरी. त्या काळच्या खेळपट्ट्या कशा असत, पाऊस पडला की त्या उघड्याच कशा भिजत आणि वाळताना चेंडू कसा अंगावर उसळे, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या आकड्याचं वजन समजेल. पुढे एकतीस वर्षं इंग्लंडात कोणालाही तो ओलांडता आला नाही. ओलांडला तो १९३० साली ब्रॅडमनने.

आणि हा काही रोज खेळणारा माणूस नव्हता. लष्करातून रजा मिळाली म्हणून जूनच्या मध्यावर हँपशायरच्या संघात आला, ऑगस्टच्या मध्यावर थांबला. उणेपुरे दोन महिने. तेवढ्यात सात शतकं. सुरुवातीचीच तीन लागोपाठच्या डावांत. त्याच जून महिन्यात त्याच्या पलटणीने पोलोची आंतर-रेजिमेंट स्पर्धा जिंकली, तिच्यात तो होता. आणि लष्करी क्रीडास्पर्धेत शस्त्र चालवण्यातला सर्वोत्तम म्हणून निवडला गेला तोही तोच. जुलैमध्ये टाँटनला सॉमरसेटविरुद्ध त्याने ३०४ धावा काढल्या. समोर होता कॅप्टन एडवर्ड विनयार्ड, हाही लष्करातलाच, बर्माच्या मोहिमेत पदक मिळवलेला आणि जन्माने सहारनपूरचा. दोघांनी मिळून सहाव्या विकेटसाठी ४११ धावा केल्या. सहा फूट चार इंच उंचीचा पूअर पुढे पाय टाकून मारायचा तेव्हा गोलंदाजाला चेंडूचा टप्पा कुठे ठेवावा हेच सुचत नसणार. हँपशायरसाठी कोणा एकाने काढलेल्या सर्वाधिक धावा म्हणून ते ३०४ पुढे १९३७पर्यंत टिकले.

हे मी पहिल्यांदा वाचलं ते कोठीच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात, उभ्या उभ्या. कोठी आमच्या घरापासून पायी दहा मिनिटांवर. जिच्यावरून तिला कोठी म्हणतात ती इंग्रज रेसिडेंटची हवेली आजही तिथे उभी आहे, तिच्यात कित्येक वर्षं मुलींचं कॉलेज भरत असे. पुस्तक हातात धरून मी आकडे वाचत होतो आणि पुढच्या ओळीवर थबकलो: हा फलंदाज क्रिकेट शिकला तो भारतात.

शाळेत असताना त्याने फारसा नाव घेण्याजोगा खेळ केला नव्हता. १८८६ साली तो सातव्या हुसार्स या घोडदळाच्या पलटणीत आला. त्याच वर्षी पलटण भारतात उतरली आणि तिचा मुक्काम पडला सिकंदराबादला. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या सगळ्या ब्रिटिश फौजांचा सेनापती झालेला डग्लस हेग याच पलटणीतला तरुण अधिकारी. गौलीगुड्यापासून सिकंदराबाद सात-आठ किलोमीटर. मधे हुसेनसागर. अलीकडे निजामाचं शहर, पलीकडे इंग्रजांची छावणी, ही वाटणी माझ्या आजोबांच्या बोलण्यात शेवटपर्यंत होती. सिकंदराबादला जायचं असलं की ते ‘छावणीत जाऊन येतो’ म्हणत. त्या छावणीच्या परेड ग्राउंडवर वडील मला रविवारी डबलडेकरने घेऊन जात. ज्यूटच्या मॅटिंगवर सामने चालत. मॅटच्या कडेचे खिळे सैल झाले की एक म्हातारा माळी हातोडी घेऊन धावत येई, चार ठोके घाली आणि तसाच धावत सीमारेषेबाहेर जाई. पंच आणि खेळाडू तोवर उभे राहून त्याची वाट बघत. वडील म्हणायचे, ‘बघ, सगळा खेळ त्याच्यासाठी थांबलाय.’

पूअर शिकला कसा? पुस्तकं वाचून. क्रिकेट कसं खेळावं हे सांगणारी इंग्रजी पुस्तकं तेव्हा निघत होती. बॅडमिंटन लायब्ररी या मालेतलं क्रिकेटचं पुस्तक १८८८चं. विशी उलटलेला, अंगापिंडाने थोराड अधिकारी पुस्तक उघडून बसतो, डावा खांदा कुठे असावा, पाय किती पुढे जावा, हे एखाद्या विद्यार्थ्यासारखं तोंडपाठ करतो आणि दुसऱ्या दिवशी ते मैदानावर करून बघतो. मला हे चित्र मनापासून आवडतं. घोड्यावर बसणं, तलवार, पोलो हे ज्याच्या हातात आधीच होतं, त्याने एका नव्या गोष्टीसाठी पुन्हा पहिलीच्या वर्गात बसावं, यात मोठेपणा आहे. त्याच्या यशात देवाने दिलेल्या डोळ्याचा वाटा असेल तेवढाच या बैठकीचा आहे.

पण पुस्तक पाय कुठे टाकायचा तेवढंच सांगतं. चेंडू कोणीतरी टाकावा लागतो.

छावणीतल्या मैदानाची व्यवस्था ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. सकाळी भिस्ती मशकीने पाणी मारून जाई. माळी रोलर ओढी, चुन्याच्या रेषा आखी, बांबू रोवून जाळी बांधी. साहेब संध्याकाळी सरावाला आले की आधी चार गोरे शिपाई चेंडू टाकत. ते दमले, कंटाळले, किंवा त्यांना हजेरीला जावं लागलं, की माळ्याला, मोतद्दाराच्या पोराला, जो हाताशी असेल त्याला हाक जाई. त्यांनी टाकायचं आणि साहेबांनी मारायचं. मारलेला चेंडू आणायलाही त्यांनीच धावायचं. असा एकेका फलंदाजाचा हात तयार होतो. शे-दीडशे चेंडू रोज, वर्षानुवर्षं. धावफलकावर सामन्यातले चेंडू येतात. जाळ्यातले येत नाहीत.

पूअर पुढे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड हॅरिस यांचा एडीसी झाला. हॅरिस १८९० ते १८९५ गव्हर्नर होते आणि स्वतः इंग्लंडच्या संघाचे कर्णधार राहिलेले. पावसाळ्यात सरकारचा मुक्काम पुण्याला, गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये. आज जिथे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे, तीच ही वास्तू. तिथल्या गव्हर्नमेंट हाउसच्या संघासाठी पूअरची सरासरी ऐंशीच्या घरात होती. १८९२पासून युरोपियन आणि पारशी यांचे सामने सुरू झाले, त्यांतच तो प्रथम श्रेणीचं क्रिकेट पहिल्यांदा खेळला. हॅरिस यांच्याबद्दल मात्र माझं मत कडू आहे. मुंबईच्या मैदानावर नेटिव्ह पोरं क्रिकेट खेळत आणि त्याच जमिनीवर गोऱ्यांचे घोडे पोलोसाठी दौडून ती खणून काढत. नेटिव्हांनी अर्ज केले, गाऱ्हाणी मांडली, आणि क्रिकेटचे एवढे भक्त म्हणवणाऱ्या गव्हर्नरसाहेबांनी कौल दिला तो पोलोला. शापूरजी सोराबजी यांनी १८९७ साली या भांडणावर अख्खं पुस्तक लिहिलं. मुंबईत १८९३च्या ऑगस्टमध्ये दंगे पेटले तेव्हाही गव्हर्नर पुण्यातच बसून राहिले, म्हणून लोक बोलले ते वेगळंच.

याच पुण्यात, याच वर्षांत, गणेशखिंडीपासून थोड्याच अंतरावर दुसरी एक गोष्ट चालली होती. पूअरची कहाणी माझ्यापुरती तिच्यामुळे पुरी होते.

पूना क्लबच्या मैदानावर एक पोरगा कामाला होता. पळवणकर बाळू. मूळ गाव कोकणातलं पळवण, जन्म धारवाडचा, जात चांभार, वडील लष्करात शिपाई. भाऊ शिवराम आणि तो, दोघांनी खेळायला सुरुवात केली ती साहेबांनी टाकून दिलेल्या सामानावर. आधी पारशांच्या क्लबात तीन रुपये महिन्यावर पट्टी झाडायचं काम, मग १८९२च्या सुमारास गोऱ्यांच्या क्लबात चार रुपयांवर. काम तेच: झाडू, रोलर, रेषा, जाळी. एक दिवस कोणा साहेबाने गंमत म्हणून चेंडू टाकायला सांगितला. डावखुरा हात, छोटीशी धाव, आणि चेंडू टप्पा पडल्यावर वळला. त्यानंतर बाळूचा रोलर ओढायचा वेळ कमी होत गेला आणि जाळ्यातला वाढत गेला.

त्या क्लबातला सगळ्यांत तयारीचा फलंदाज होता जॉन ग्लेनी ग्रेग, पुढे कॅप्टन, त्यानंतर कर्नल. जन्म महूच्या छावणीतला, १८७१चा. पूअरची पलटण सिकंदराबादहून पुढे हलली ती याच महूला; आणि १८९१ साली सुभेदार रामजी सकपाळांच्या घरी भीमरावांचा जन्म झाला तोही याच छावणीत. नावाच्या ‘जॉन ग्लेनी’वरून हिंदुस्थानात ग्रेगला सगळे ‘जंगली’ म्हणत. ठेंगणा, चपळ, कट मारण्यात पटाईत. तो बाकीचे यायच्या आधी तासभर मैदानावर हजर व्हायचा, कारण त्याला बाळूचे चेंडू एकट्याला खेळायला हवे असत. असं सांगतात, की ग्रेगने बाळूशी करार केला होता: मला एकदा बाद केलंस की आठ आणे.

या आठ आण्यांचा मी पुष्कळ विचार केला आहे. महिन्याचा पगार चार रुपये. म्हणजे एक विकेट ही पगाराचा आठवा हिस्सा. आठ वेळा ‘जंगली’ला चुकवलं की एक अख्खा महिना निघाला. घरात खाणारी तोंडं, धाकटे भाऊ, आणि समोर पुण्यातला सगळ्यांत चांगला गोरा फलंदाज. त्या पोराने एकेक चेंडू टाकण्याआधी केवढा विचार केला असेल! हा पुढे येऊन खेळतो, म्हणून थोडा आखूड. हा कट मारायला टपलेला आहे, म्हणून आत येणारा. काल ज्या चेंडूवर बाद झाला तो आज तो ओळखेल, म्हणून तशाच हाताने सरळ जाणारा. कोणतीही अकादमी इतकं शिकवत नाही. आणि उलट्या बाजूने, बाळूसारखा गोलंदाज रोज सकाळी तासभर एकट्याला मिळाला, म्हणून ग्रेग इतका मोठा फलंदाज झाला, हेही तितकंच खरं आहे. पुढे हँपशायरकडून त्याने द्विशतक काढलं. त्याचा कट पुण्यातल्या जाळ्यात, आठ-आठ आणे मोजून घासलेला होता.

बाळूला मात्र जाळ्यात कधी कोणी बॅट हातात दिली नाही. शेकडो तास टाकलं, एकदाही ‘घे, आता तू खेळ’ नाही. मला माझ्या गल्लीत ‘उद्या तुझी बॅटिंग’ एवढं तरी ऐकायला मिळत होतं.

आपल्याकडे म्हण आहे, हौसेला मोल नसतं. हौशी या शब्दाला मराठीत किती गोड वास आहे. हौशी नाट्यसंस्था, हौशी गायक: पोटापाण्याचा विचार बाजूला ठेवून निखळ प्रेमापोटी करणारा तो हौशी. इंग्रजांच्या क्रिकेटमध्ये मात्र हौशी हा एक दर्जा होता. हौशी आणि व्यावसायिक यांची कपडे बदलायची खोली वेगळी, मैदानात उतरायचं फाटक वेगळं, धावपत्रिकेवर हौशाची आद्याक्षरं एका तऱ्हेने छापायची आणि पगारी खेळाडूची दुसऱ्या तऱ्हेने. ही विभागणी इंग्लंडमध्ये १९६२ साली मोडीत निघाली, इतकी अलीकडे. पूअर हौशी, विनयार्ड हौशी, ग्रेग हौशी. रजा मिळत होती, घोडे होते, नोकर होते, म्हणून त्यांना प्रेमापोटी खेळता आलं. त्यांचं प्रेम खोटं होतं असं मी म्हणणार नाही. बाकीच्यांच्या तासभर आधी जाऊन सराव करणारा माणूस खेळावर जीव टाकणाराच असतो. पण त्या हौसेचं मोल कोणीतरी देत होतं, आणि ते किती, हे आपल्याला ठाऊक आहे. आठ आणे.

बाळूची पुढची कहाणी मराठी वाचकाला थोडीफार माहीत असेल, निदान असायला हवी. पुण्यातल्या हिंदूंच्या संघाला गोऱ्यांना हरवायचं होतं आणि त्यासाठी बाळूवाचून पर्याय नव्हता. तो संघात आला. मैदानावर त्याच्या हातचा चेंडू सगळे झेलत, सगळे फेकत. चहाची वेळ झाली की त्याला पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा. मला इथे पुन्हा आमच्या गल्लीतला मोची आठवतो. चेंडू म्हणजे काय? चामडं. ते कमावणारा, कापणारा, शिवणारा हात कोणाचा? तो चेंडू थुंकी लावून विजारीवर घासताना कोणाला विटाळ होत नव्हता. त्याच हाताने पुढे केलेला पेला मात्र चालत नव्हता. न्यायमूर्ती रानड्यांनी जाहीर समारंभात बाळूचा सत्कार केला, त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली. वाचताना अजूनही त्यांच्याबद्दल कृतज्ञता वाटते.

प्लेगच्या सुमारास बाळू मुंबईला गेला. १९०६च्या फेब्रुवारीत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळूचे आठ बळी. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला, तिथे बाळूने ११४ बळी घेतले, १८.८४च्या सरासरीने. संघ बहुतेक सामने हरत होता आणि हा पस्तिशीचा माणूस एकट्याने टाकत होता. हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद त्याला कधीच मिळालं नाही. ते मिळालं धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३मध्ये. विठ्ठलने ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं, आणि पुढे रामचंद्र गुहांनी २००२च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या भावांची कहाणी जगापुढे आणली. म्हणून आज आपल्याला जाळ्यातला एक हात तरी नावानिशी माहीत आहे.

पूअरबद्दल थोडं राहिलं. हुसार्सबरोबर १८९५ साली तो नाताळला गेला आणि इंग्लंडचा संघ तिथे आला तेव्हा दक्षिण आफ्रिकेकडून तीन कसोटी सामने खेळला. ३०४ काढल्यानंतर काही महिन्यांतच बोअर युद्ध पेटलं आणि तो पुन्हा तिकडे गेला, सैन्याचा प्रोव्होस्ट मार्शल म्हणून. म्हणजे शिस्त, कैदी आणि शिक्षा ज्याच्या ताब्यात तो अधिकारी. २७ फेब्रुवारी १९०२ला प्रिटोरियात हॅरी मोरंट आणि पीटर हँडकॉक या दोघांना गोळ्या घातल्या गेल्या. कैद झालेल्या बोअरांना मारल्याचा त्यांच्यावर आरोप होता, आणि वरून तसे हुकूम होते की नव्हते यावर ऑस्ट्रेलियात आजही वाद चालतो. त्या वादात दोन्ही बाजू पूअरची रोजनिशी काढून बघतात. महायुद्धात तो पुन्हा हिंदुस्थानात होता, झाशीच्या ब्रिगेडचा प्रमुख. १९३८च्या जुलैत बोर्नमथजवळ वारला.

त्याचं प्रत्येक शतक लिहिलेलं आहे. त्याची रोजनिशी जपलेली आहे. कोणत्या दिवशी कोणत्या मैदानावर कोणाविरुद्ध किती, हे सव्वाशे वर्षांनी गौलीगुड्यातल्या माझ्यासारख्या माणसाला घरबसल्या सांगता येतं. मला याचा हेवा वाटत नाही. असंच जपायला हवं. मला एवढंच म्हणायचं आहे की सिकंदराबादच्या त्या मैदानावर त्याला हजारो चेंडू टाकणारे हात आपल्या माणसांचेही असणार, आणि ९१.२३ या आकड्यात त्यांचाही हिस्सा आहे.

ग्रेगची अखेर मला चटका लावते. मुंबईच्या गव्हर्नरचा लष्करी सचिव राहिलेला हा माणूस निवृत्तीनंतर हँपशायर क्लबचा सचिव झाला आणि साठी उलटल्यावर, १९३५ साली, त्याने कॅथलिक धर्मगुरूची दीक्षा घेतली. १९५८ साली वारला. बाळू त्याच्या तीन वर्षं आधी, १९५५च्या जुलैत, मुंबईत. त्या दोघांत सकाळच्या त्या तासाला काही बोलणं होत असेल का, की फक्त चेंडूचा आवाज? ग्रेगने पुण्याच्या त्या पोराची किंमत ओळखली, हे खरं. तो तासभर आधी यायचा, यातच त्याने ती कबूल केली होती. क्लबाच्या संघात मात्र त्याला बाळूला घेता आलं नाही, किंवा घ्यावंसं वाटलं नाही.

२०१८च्या जुलैत आमच्या गौलीगुड्याच्या बसस्टँडचं ते जुनं हँगर कोसळलं. पहाटेची वेळ होती, कोणी दगावलं नाही. मी बघायला गेलो. पत्र्यांचा ढीग बघून परत येताना गल्लीच्या तोंडाशी आपसूक थांबलो. मोच्याची जागा केव्हाच गेली आहे, तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. दहा-बारा वर्षं मी त्याच्याकडे चेंडू नेला. त्याच्या रापीची मूठ कशी झिजली होती ते मला आठवतं, दोरा ओढताना तो ओठ कसे मिटायचा ते आठवतं, चेंडू हवेत उडवताना त्याच्या बोटांना पडणारा पीळ तर अजून डोळ्यांपुढे आहे. आज मी शपथेवर सांगेन, तो माणूस फिरकी गोलंदाज होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. परेड ग्राउंडवरच्या हातोडीवाल्या माळ्याचंही नाही.

खडकी, देवळाली, अहमदनगर, कामठी, महू, बोलारम, सिकंदराबाद: या छावण्यांत ज्यांचे आजे-पणजे माळी, मोतद्दार, भिस्ती, मैदानावरचे गडी म्हणून राबले, अशी पुष्कळ मराठी घरं आहेत. तुमचं घर त्यांतलं असेल, तर घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाजवळ आज संध्याकाळी बसा. आजोबा कोणत्या मैदानावर होते, कोणत्या साहेबाला चेंडू टाकायचे, पगार किती होता, हे विचारा आणि वहीत लिहून काढा. सगळ्यांत आधी त्यांचं नाव लिहा, पूर्ण नाव, बापाच्या आणि गावाच्या नावासकट.